चाळीस, बरोबर

वकीलबाईंनी रजिस्टरच्या झेरॉक्स जेवणाच्या टेबलावर मांडायला सुरुवात केली, तसे सिस्टरांच्या मिस्टरांनी चहाचे कप एकेक करून उचलले आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवले. पानं चौदा होती, एका पानावर एक आठवडा. टेबल पुरेना, तेव्हा शेवटचं पान वकीलबाईंनी मांडीवर घेतलं.

"सिस्टर, मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा आणि सांगा, काय दिसतं ते."

सिस्टरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. तो आधीच स्वच्छ होता, आणि ही पानं ओळखायला त्यांना चष्म्याची गरजही नव्हती. तेहतीस वर्षं त्यांनी एकाच हॉस्पिटलात काढली होती, त्यातली एकोणीस हृदयरोगाच्या वॉर्डाची इनचार्ज म्हणून. सफाईवाल्यांपासून बड्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. आता निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. कुलूपबंद कपाटातल्या औषधाचं हे रजिस्टर त्यांच्याच अक्षरातलं होतं. तारीख, पाळी, कुप्यांची संख्या, शेरा. पेशंटला दिलेल्या प्रत्येक कुपीच्या बदल्यात फार्मसीतून एक यायची, म्हणून आकडा कायम चाळीस असायला हवा. सकाळपाळी, चाळीस, बरोबर. दुपारपाळी, चाळीस, बरोबर. रात्रपाळी, चाळीस, बरोबर. चौदा पानं तेच, आणि शेवटच्या पानावरचे अखेरचे तीन-चार दिवस सोडले तर प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या त्या पाळीच्या नर्सची चिमुकली सही.

फक्त एका बुधवारी, दुपारपाळीच्या ओळीत, चाळीसवर आडवी रेघ मारून वर सदतीस लिहिलेलं होतं. ते अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं.

"ही माझ्या अशिलाची ओळ," वकीलबाई म्हणाल्या. "सरकारी वकील वर्षभर या एका ओळीवर नाचतायत. सकाळी चाळीस कुप्या. हिची पाळी संपताना सदतीस. आणि हिच्याच पाळीत नऊ नंबरचा पेशंट गेला, रक्तात औषध जास्त सापडलं. म्हणजे तीन कुप्या हिनेच टोचल्या. आमचे डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्या माणसाची किडनी मंद होती, रोजचंच औषध अंगात साठत गेलं असेल. त्यांचे डॉक्टर म्हणतात, शक्य नाही. डॉक्टरांचं काय, दोघे बसले की तीन मतं होतात. निकाल लागणार तो या रजिस्टरवर."

मग त्यांनी पेन्सिलीचं टोक बुधवारच्या खालच्या ओळीवर ठेवलं.

"आता गंमत बघा. दुपारपाळीला सदतीस, आणि त्याच रात्री पुन्हा चाळीस. तीन कुप्या पायी चालत परत आल्या? गुरुवारी दुपारी पोलिसांनी कपाट आणि रजिस्टर दोन्ही सील केलं. आणि इथं शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस चाळीस, बरोबर! पोलिसांनी दिलेल्या प्रतीत हा खालचा भाग नव्हताच. मूळ रजिस्टर मागवलं तेव्हा मला कळलं. एक पेन, एक शाई, एका बैठकीतलं अक्षर. सिस्टर, हे नंतर कुणीतरी बसून बनवलंय. डॉक्टरांची चूक झाकायला एक पोर पुढं केलीय."

एका बैठकीतलं होतं हे खरंच होतं. वकीलबाईंची नजर चांगली होती. ती बैठक केव्हा झाली, एवढ्यापुरतीच त्यांची चूक होती.

"मी दुसरी शक्यताही धरली होती. आठवड्याचं आगाऊ लिहून ठेवत असतील. पण तुमच्या वॉर्डातल्या नऊ नर्सना विचारलं, नऊही जणी म्हणाल्या, मोठ्या सिस्टर असताना असलं काही शक्यच नाही. तसं नव्हतं ना होत?"

मिस्टरांनी खिडकीपासून अभिमानाने बायकोकडे पाहिलं.

"छे," सिस्टर म्हणाल्या.

"आणि हे अक्षर? तुमचंच?"

समोरच्या घरात कुणीतरी गालिचा झटकत होतं. सिस्टर तो आवाज थांबेपर्यंत थांबल्या.

"माझ्यासारखं दिसतं."

वकीलबाईंनी ते दोन शब्द वहीत टिपून घेतले आणि त्यांच्याखाली रेघ मारली. जाताना, चपला घालता घालता, त्यांना काहीतरी आठवलं.

"आमची पोर तुमच्याविरुद्ध चकार शब्द काढत नाही हं. रजिस्टरचं विचारलं की एकच सांगते. ते मोठ्या सिस्टर लिहायच्या, त्यांना विचारा, त्या सांगतील. वर्ष झालं, एवढंच."

दार लागल्यावर सिस्टरांनी कप धुवायला घेतले. कप तीनच होते, पण बराच वेळ नळ चालू राहिला.

सोमवारी राउंड संपला की सिस्टर टेबलाशी बसायच्या, निळं पेन घ्यायच्या आणि येत्या रविवार रात्रीपर्यंतचं सगळं आगाऊ लिहून काढायच्या. एकवीस ओळी, पंधरा मिनिटं. हे असं सुरू कसं झालं? कधीतरी तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टरातल्या पाच-सहा हातांच्या अक्षरांवर नाक मुरडलं होतं. तेव्हापासून आकडे त्या एकट्या लिहू लागल्या, बाकीच्यांनी फक्त सही करायची. पुढच्या तपासणीला तेच साहेब म्हणाले, रजिस्टर असावं तर असं. हॉस्पिटलने इतर वॉर्डांच्या इनचार्जना ते बघायला पाठवलं. शिस्तीचं एवढं कौतुक झाल्यावर मोजायची सवय कधी सुटली, हे सिस्टरांना नक्की सांगता आलं नसतं. कुपी फुटायची, घाईत एखादी जास्त वापरली जायची, फार्मसीतून दोन-चार जादा यायच्या. महिनाअखेर सगळं जुळायचं. खरं म्हणजे जुळवलं जायचं.

आणि मग ती पोर आली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ट्रे हातात धरून टेबलापाशी उभी राहिली.

"सिस्टर, अडतीसच आहेत."

"मग दोन काय तू खाल्ल्यास?"

सगळा वॉर्ड हसला. तीही हसली, पण जागची हलली नाही.

"रजिस्टरात काय लिहिलंय?"

"चाळीस."

"मग चाळीस. सही कर आणि जा. औषधं वाटायची राहिलीत."

तिचे वडील टेलर आहेत हे कळल्यावर सिस्टरांनीच तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. नाव चांगलं चिकटलं. दोन वर्षं मोजपट्टी सगळ्यांसारखीच न मोजता सही करत राहिली. नऊ नंबरचे आजोबा गेले त्या बुधवारी मात्र ती घाबरली, आणि घाबरून तिने कपाट उघडून मोजलं. सदतीस भरल्या. पुन्हा मोजलं. मग छापून ठेवल्यासारख्या त्या चाळीसवर तिने रेघ मारली.

हे सगळं सिस्टरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, रजिस्टर रोज लिहिलं जातं का? त्या हो म्हणाल्या होत्या. त्या वेळी एवढंच वाटलं होतं की चार दिवसांत प्रकरण मिटेल.

सिस्टरांचे मिस्टर निवृत्त ड्राफ्ट्समन होते. बायकोच्या हुद्द्यामुळे कॉलनीत सगळे त्यांना सिस्टरांचे मिस्टर म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. वकीलबाई गेल्या त्याच आठवड्यात त्यांनी ड्रॉइंगचा मोठा कागद भिंतीवर लावला आणि त्यावर चौकोन काढायला घेतले. वर डॉक्टर, त्याच्या बाजूला मॅनेजर, खाली औषध पुरवणारी कंपनी, कोपऱ्यात पोलीस. चौकोनाचौकोनांमधून बाण. बाण फूटपट्टीने आखलेले, अगदी पूल बांधायला घ्यावा इतके सरळ.

"आणि ही तू," त्यांनी मधल्या चौकोनावर टिचकी मारली. "फसवली गेलेली. तुझ्या अक्षराची नक्कल केली गं, नक्कल! तुझंच अक्षर का? कारण तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास."

सिस्टर भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला काय वाटतं? कंपनीचा बाण मॅनेजरकडे नेऊ की थेट डॉक्टरांकडे?"

"न्या कुणीकडेही."

"तू फारच मनाला लावून घेतलंयस," मिस्टर मायेने म्हणाले.

अक्षरावर संशय असल्याचं पेपरात आलं, तशी कॉलनीत सिस्टरांची किंमत वाढली. दुकानात रांगेत लोक त्यांना पुढे जाऊ देत. एका निवृत्त शाळाबाईंनी मोजपट्टीसाठी पंचवीस-तीस माणसं जमवली होती. ती मंडळी प्रत्येक तारखेला दंडाला काळी फीत बांधून कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहत. ऐकलेल्या कुठल्याही गोष्टीला त्यांच्याकडे जागा होती. एखादा कागद सापडला तर तो बनावट, नाही सापडला तर तो जाळलेला. सिस्टरांना समन्स आलं आणि त्या पहिल्यांदा कोर्टात गेल्या, तेव्हा शाळाबाईंनी सगळ्यांसमोर त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय."

सिस्टरांना हात सोडवून घ्यावेसे वाटले. कान गरम झाले. एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि बघणाऱ्यांना तो विनय वाटत होता, हे तर आणखी वाईट होतं.

त्या दिवशी साक्षीचा नंबर लागलाच नाही. दुपारी वकीलबाई घाईघाईने व्हरांड्यात आल्या आणि सिस्टरांना खांबाआड घेऊन गेल्या.

"अक्षरतज्ज्ञाचा अहवाल आलाय. सगळं अक्षर तुमचंच म्हणतो."

सिस्टरांनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"घाबरू नका. दोनच वाटा आहेत. तज्ज्ञ विकला गेलाय म्हणायचं, तर न्यायाधीश हसतील. दुसरी म्हणजे तुमच्याकडून दबावाखाली लिहून घेतलं. उद्या मी फक्त विचारीन, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? तुम्ही बोलू नका. खाली बघा, रडू आलं तर रडा. बाकी मी बघते."

"आणि तेही नाही पटलं तर?"

वकीलबाईंनी पहिल्यांदाच थकल्यासारखा श्वास सोडला.

"मग सकाळचे चाळीस खरे. दुपारचे सदतीस खरे. आणि पोर आयुष्यभर आत."

त्या गेल्यावर सिस्टर बाकावर बसून राहिल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला काळी फीत न बांधलेला एक माणूस बसला होता. बोटांना सुयांचे वण, शर्टाच्या खिशाला टोचलेली एक सुई. मोजपट्टीचे वडील. तीन वर्षांपूर्वी पोरीला नोकरीवर सोडायला आले होते तेव्हा सिस्टरांनी त्यांना एकदाच पाहिलं होतं.

"मंडळी चांगली आहेत," ते फीतवाल्यांकडे बघत म्हणाले. "माझ्या पोरीसाठी उन्हात उभी राहतात. पण खरं सांगू का सिस्टर, मला त्यांचं पटत नाही. म्हणे डॉक्टर मिळालेले, मॅनेजर मिळालेले, पोलीस मिळालेले, कंपनी मिळालेली. एवढी माणसं वर्षभर एका गोष्टीवर गप्प राहतील? माझ्या दुकानात दोन कारागीर आहेत, त्यांच्या पोटात दुपारपर्यंतही काही राहत नाही."

सिस्टरांना हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं.

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"काहीतरी लहानसं असणार. कापड कमी पडतं ना, तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं टेलरने चोरलं. चोरलेलं नसतं हो. पहिल्यांदा मापच कुणी नीट घेतलेलं नसतं." त्यांनी खिशावरची सुई काढून पुन्हा टोचली. "ती लहानपणी मला बटणं मोजून द्यायची. तिनं सदतीस म्हटलं ना, तर सदतीसच असणार. त्याआधीचं मला ठाऊक नाही. ते तुम्हाला विचारा म्हणते ती."

त्यांनी विचारलं मात्र नाही. थोडा वेळ बसले, मग दुकान उघडायचंय म्हणून उठले आणि वाकून नमस्कार करून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर सिस्टरांना हलकं वाटलं असतं.

घरी मिस्टर स्टुलावर चढून पोलिसांचा चौकोन मोठा करत होते. सिस्टरांनी पर्स टेबलावर ठेवली.

"अहो, खाली उतरा."

"एवढा एक बाण—"

"ते माझं अक्षर आहे. मीच लिहिलंय. दर सोमवारी, अख्ख्या आठवड्याचं. वर्षानुवर्षं. मोजत कुणीच नव्हतं."

मिस्टर स्टुलावरच राहिले. पेन्सिल कागदाला टेकलेली, पण रेघ पुढे सरकेना.

"आणि त्या नऊ जणी? त्यांना माहीत होतं?"

"नऊही जणींना. रोज सही करायच्या त्या."

"मग त्या एकत्र बसून ठरवल्यासारख्या गप्प कशा राहिल्या? कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणीच नाही. सांगायची गरजच पडली नाही. प्रत्येकीला आपापली सही दिसत होती."

मिस्टरांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. पंधरा दिवसांचं काम होतं ते.

"मग हे बाण?" त्यांनी विचारलं. प्रश्न वेडगळ होता हे त्यांनाही कळलं असावं, कारण ते लगेच खाली उतरले आणि स्टूल जागेवर ठेवलं. "तू बोललीस तर चौकशी लागेल तुझ्यामागं. तेहतीस वर्षांचं नाव जाईल. लोक तोंडावर थुंकतील."

"हो."

"आणि वकीलबाई म्हणतात तसं गप्प राहिलीस तर? कदाचित तरीही सुटेल पोर."

"मलाही तसंच वाटत होतं. म्हणून तर वर्ष काढलं." सिस्टर खुर्चीत बसल्या. "मला लाज वाटते हो. चुकीची वाटते, पण ती एवढी नाही. सगळे मला बिचारी म्हणत होते आणि ते मला बरं वाटत होतं, त्याची जास्त वाटते."

जेवणं झाल्यावर मिस्टरांनी कागद भिंतीवरून उतरवला, फाडला नाही, नीट गुंडाळून कपाटावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराला सिस्टर साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. समोर, लाकडी कठड्यामागे, मोजपट्टी. वर्षभरात तिचे गाल बसले होते. ती खाली बघत होती.

"हे अक्षर तुमचं?" वकीलबाईंनी विचारलं.

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?" वकीलबाईंनी आवाज मऊ केला. आता सिस्टरांनी खाली बघायचं होतं.

"कुणाच्याच नाही."

"केव्हा लिहिलंत?" हा प्रश्न वकीलबाईंच्या तोंडून नुसता सवयीने गेला.

"सोमवारी सकाळी. राउंड संपल्यावर. पुढच्या रविवारपर्यंतचं सगळं. त्या सोमवारी, आणि त्याच्या आधीच्याही."

कुजबुज झाली. वकीलबाई हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या. सरकारी वकील मात्र हसत उभे राहिले.

"साहेब, पोलिसांना दिलेल्या जबाबात या म्हणतात, रजिस्टर रोज लिहिलं जातं. वकीलबाईंना म्हणाल्या, अक्षर माझ्यासारखं दिसतं, तसं पेपरातही आलं. आज म्हणतात, सोमवारी लिहिलं. आपल्या हाताखालच्या मुलीला वाचवायला ही नवी गोष्ट आहे. एवढी नावाजलेली इनचार्ज न मोजता चाळीस लिहील, यावर कोण विश्वास ठेवेल?"

कुणीच ठेवला नव्हता. सिस्टरांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. खोटं बोलल्या तेव्हा नऊ नर्सपासून पेपरवाल्यांपर्यंत सगळ्यांना पटलं होतं. आता खरं बोलायला पुरावा लागणार होता.

"आदल्या वर्षीचं रजिस्टर काढा," त्या न्यायाधीशांना म्हणाल्या. "जप्त केलेल्या ट्रंकेत असेल. मार्चचा पहिला आठवडा. वॉर्ड बंद ठेवल्याचा हुकूमही त्याच ट्रंकेत आहे."

न्यायाधीशांना सर्दी झाली होती. ते नाक पुसत थोडा वेळ सिस्टरांकडे बघत राहिले, मग त्यांनी ट्रंक मागवली. ती येईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. सिस्टर जेवल्या नाहीत.

दुपारी न्यायाधीशांनी स्वतःच पान शोधून वाचायला घेतलं. त्यांचा आवाज बसलेला होता, त्यामुळे सगळं कोर्ट कान देऊन ऐकत होतं.

"चार मार्च. सकाळपाळी, चाळीस, बरोबर. दुपारपाळी, चाळीस, बरोबर. रात्रपाळी, चाळीस, बरोबर. त्या दिवशी वॉर्डात पेशंट किती?"

"एकही नाही. रंगकाम चाललं होतं. सगळे दुसऱ्या वॉर्डात हलवले होते."

"आणि हे कपाट?"

"बाहेर व्हरांड्यात होतं. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं."

"म्हणजे बाहेर जाऊन मोजलं असेल."

"मोजता आलं नसतं, साहेब. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून दार भिंतीकडे करून ठेवलं होतं. भरलेलं कपाट, चार माणसांशिवाय हलेना. सहा दिवस ते उघडलंच नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं नाही. ते पुढची तारीख वाचू लागले, मग त्याच्या पुढची. त्यांनी एकही ओळ गाळली नाही. अठरा वेळा चाळीस, अठरा वेळा बरोबर. सिस्टर कठडा धरून उभ्या होत्या आणि प्रत्येक बरोबर त्यांना ऐकावं लागत होतं. कधीकाळी याच पानांचं कौतुक ऐकायला त्या अशाच ताठ उभ्या राहिल्या होत्या.

"इथं आरोपीचीही सही आहे," न्यायाधीश म्हणाले. "सहा तारखेला."

"हो. मी करायला सांगितली म्हणून. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिने मला कमी आहेत म्हणून सांगितलं होतं. मी तिला हसले."

न्यायाधीशांनी जुनं रजिस्टर मिटलं आणि बुधवारचं पान पुढे सरकवलं.

"मग या सबंध रजिस्टरात खरोखर मोजून लिहिलेली नोंद कुठली?"

शिपायाने रजिस्टर पिंजऱ्यापाशी आणलं. सिस्टरांनी चष्मा लावला नाही. त्यांनी बोट ठेवलं.

"ही. खोडलेली."

"आणि त्या दिवशी सकाळचे चाळीस? ते कुणी मोजले?"

"कुणीच नाही."

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते कागद चाळत होते, आणि बराच वेळ चाळतच राहिले.

मोजपट्टीने मान वर केली. सिस्टरांना वाटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर राग असेल, नाहीतर सुटल्यासारखं काही असेल. तसं काही नव्हतं. ठरलेल्या वेळेनंतर पार वर्षभराने आलेल्या माणसाकडे बघावं, तशी ती बघत होती. मग तिने नजर काढून घेतली आणि आपल्या वडिलांना शोधू लागली.

साक्ष संपली. टाइप होऊन आलेल्या पानांवर सही केल्याशिवाय जाता येणार नव्हतं, म्हणून सिस्टर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. मिस्टर शेजारी, मांडीवर पर्स धरून. शाळाबाई समोरून आल्या आणि जरा अंतर ठेवून थांबल्या.

"कुणी सांगितलं तुम्हाला असं बोलायला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "डॉक्टरांनी की कंपनीने?"

सिस्टरांनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. शाळाबाई मान हलवत आपल्या मंडळींत गेल्या, आणि तिथं लगेच बोलणं सुरू झालं.

साडेचारच्या सुमाराला कोर्टाचा कारकून कागद घेऊन आला. घाईत होता, पण माणूस भला दिसत होता. त्याने चार टाइप केलेली पानं सिस्टरांच्या हातात दिली, आणि त्यांच्याखाली पाचवं एक कोरं पान.

"इथं, इथं, इथं आणि इथं. शेवटचं पान टाइप व्हायचंय अजून. कोऱ्यावर खाली खूण केलीय, तिथं आत्ताच करून टाका, म्हणजे तुम्ही मोकळ्या. आम्ही मजकूर बसवून घेतो."

सिस्टर कोऱ्या पानाकडे बघत राहिल्या. खाली पेन्सिलीची बारीक फुली होती.

"सगळेच करतात," कारकून म्हणाला.

"कर गं," मिस्टर दमून म्हणाले. "निघू."

सिस्टरांनी कोरं पान बाजूला काढून कारकुनाला परत दिलं.

"टाइप होऊ दे. मी बसते."

"तासभर लागेल, मॅडम."

"लागू दे."

कारकून खांदे उडवून गेला. सिस्टरांनी पर्समधून चष्मा काढला, आणि हातातली चार पानं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.